पंचनामा होईपर्यंत शेत आहे तसे ठेवावे

मुलांनो, तुम्हा तिघांसाठी हे एकदाच लिहिते आहे. तीनदा लिहिले तर प्रत्येक वेळी थोडे वेगळे होईल आणि तुम्ही ते ताडून बघाल. कारण गेल्या रविवारचा फोन. थोरलीने सांगितले की तिच्या ऑफिसातला प्रोग्राम फाइली नुसत्या उघडत गेला, बंद करत गेला नाही, आणि चौथ्या दिवशी सगळे ठप्प झाले. चूक तिची होती. वरिष्ठांनी तसे सगळ्यांना ईमेलने कळवले. मी विचारले, "क्लोज कुठे लिहिले होतेस?" त्यावर ती म्हणाली, "जाऊ दे आजी, तुला नाही कळणार."

मला कळते. ही चूक मी केलेली आहे. फरक एवढाच की माझा प्रोग्राम ठप्प झाला नाही. तो नीट चालल्यासारखा दिसत राहिला, आणि ते जास्त वाईट. पुढच्या महिन्यात माझ्या दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काही होत नाही. कॉम्प्युटरबद्दल मीही लोकांना असेच सांगत असे. म्हणून आधी लिहून ठेवते.

मी कॉलेजात गणित शिकवत होते हे तुम्हांला माहीत आहे. माझे शिक्षण इंग्रजीतून झाले होते, त्यामुळे कॉलेजात कॉम्प्युटर आला तेव्हा तो मला येणारच असे प्राचार्यांनी गृहीत धरले. मला तो येत नव्हता. मी यवतमाळच्या एका खासगी क्लासमध्ये नाव घातले आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर जावा ही कॉम्प्युटरची भाषा शिकले. वर्गात माझेच जुने विद्यार्थी होते, त्यांतले दोघे माझ्याच विषयात नापास झालेले. त्यांनी मला पहिल्या बाकावर जागा करून दिली आणि परीक्षेत माझ्यापेक्षा जास्त गुण मिळवले.

ती कापसाची वाईट वर्षे होती. त्यांच्याबद्दल बाहेरून आलेल्या लोकांनी पुष्कळ लिहिले आहे, मी त्यात भर घालत नाही. मला फक्त बियाण्याच्या तक्रारींबद्दल सांगायचे आहे. एका वर्षी बऱ्याच गावांत पेरलेली सरकी उगवलीच नाही. शेतकरी तालुक्याच्या कृषी कार्यालयात तक्रारीचा अर्ज देत. मग एक समिती शेतावर जाऊन उगवण मोजे आणि पंचनामा करी. अर्ज दिल्याची एक छापील पावती मिळे. तिच्यावर शिक्का असे आणि खाली एक ओळ असे: पंचनामा होईपर्यंत शेत आहे तसे ठेवावे.

ही ओळ नीट वाचा. शेत आहे तसे ठेवायचे म्हणजे वखर घालून शेत मोडायचे नाही, दुबार पेरायचे नाही. पाऊस पडत असतो, ओल असते, शेजारी पेरत असतात, आणि आपण शेत राखत बसायचे. समिती कधी येणार हे पावतीवर नव्हते. न आली तर काय, हेही नव्हते.

अर्ज इतके आले की कृषी कार्यालयातल्या साहेबांनी कॉलेजकडे मदत मागितली. कार्यालयात कॉम्प्युटर होता. त्याच्यावर शिवून घेतलेले निळे आवरण होते आणि ते दसऱ्याला निघत असे. मी दर शनिवारी जाऊ लागले. तिथले एक जुने कारकून, सगळे त्यांना बाबू म्हणत, गावोगावचे अर्ज टाइप करून गावागणिक एक फाइल करत. माझा प्रोग्राम ती फाइल एकेक ओळ वाचायचा, गट क्रमांक आकडा आहे ना ते पाहायचा, आणि समितीसाठी त्या गावाची स्वच्छ यादी दुसऱ्या फाइलीत लिहायचा. मग ती छापून जीपमध्ये जायची.

यादीत आधी गाव, शेवटी पोड. पोड म्हणजे कोलामांची वस्ती, गावापासून दोन-तीन मैल आत, रानाच्या कडेला. कागदावर ती त्या गावातच मोडते. तलाठ्याच्या दप्तरात पोड शेवटी, म्हणून बाबूंच्या फाइलीत शेवटी, म्हणून माझ्या यादीत शेवटी. असे का, हे मी विचारले नाही. मला क्रम असला की पुरे असतो.

पहिल्याच शनिवारी प्रोग्राम कुठल्याशा ओळीवर अडला आणि पडद्यावर इंग्रजीत चार-पाच ओळींचा संदेश आला. बाबू खुर्ची मागे सरकवून उभे राहिले.

"मॅडम, हे मी नाही केलं."

"तुम्ही काही केले नाही. कुठे अडले ते तो सांगतो आहे."

"थो इंग्रजीत सांगून राह्यला. साहेबानं पाह्यलं तं म्हनतीन, नवी मशीन बिघडवली. मले तीन वर्सं राह्यली रिटायरले."

दोन आठवड्यांत त्यांनी मला अशा संदेशांसाठी अकरा वेळा फोन केला. त्यातला एक तुमच्या आजोबांनी घेतला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन मला सांगितले, "तुझ्या बाबूंना मशीन इंग्रजीत शिव्या देते आहे." त्यानंतरच्या शनिवारी मी बंदोबस्त केला. प्रोग्राम अडला की काय करायचे ते जिथे लिहितात, तो कॅचचा भाग मी रिकामा ठेवला. काही अडले तरी पडद्यावर काही येणार नाही. आणि अगदी शेवटी, काहीही झाले तरी, एकच संदेश येईल: यादी तयार. बाबू खूश झाले. त्यांनी मला चहाबरोबर बिस्किटे मागवली.

थोरलीला एव्हाना कळले असेल. धाकट्यांसाठी सांगते.

प्रोग्राम फाइलीत लिहितो म्हणजे प्रत्येक ओळ लगेच डिस्कवर नेतो असे नाही. भांडी घासणारी बाई प्रत्येक वाटी वेगळी फडताळात ठेवायला जात नाही. टोपलीत साठवते, टोपली भरली की एकदम नेते. प्रोग्रामचीही अशी टोपली असते, तिला बफर म्हणतात. शेवटची टोपली बहुधा अर्धवट भरलेली असते. ती कोणीतरी मुद्दाम नेऊन रिकामी करावी लागते, आणि फाइल बंद करण्याच्या आज्ञेने ते काम होते. ती आज्ञा दिली नाही तर प्रोग्राम संपताना टोपली भांड्यांसकट नाहीशी होते. आवाजही होत नाही.

मी ती आज्ञा दिली होती. विसरले नव्हते. पण ती मी सगळ्या ओळी लिहून झाल्यावर, शेवटी ठेवली होती. मध्येच एखादी ओळ अडली की प्रोग्राम तिथून उडी मारून थेट माझ्या रिकाम्या कॅचमध्ये जायचा आणि बंद करण्याची ओळ मागेच राहायची. मग यादी तयार.

आता ती बाई. जुलैचा दुसरा शनिवार होता. सकाळपासून भुरभुर होती. एक कोलाम बाई कार्यालयात आली. वय तिशीपस्तिशीचे, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायाला चिखल. पावती तिने प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी कापडात आणि ते कापड कमरेला असे बांधून आणली होती. ती बाबूंच्या टेबलापुढे उभी राहिली.

"माह्या वावरात साहेब काहून नाही आले?"

बाबूंनी यादी काढली, बोट फिरवले. "मावशी, यादीत नाव नाही तुमचं."

"मंग कोनाच्या यादीत हाय?"

"म्हंजे?"

"फारम तुमीच घेतला. शिक्का तुमीच मारला. थे नाव गेलं कुठं? मी तं घरीच हावो."

बाबूंनी माझ्याकडे पाहिले. मी तिला बसायला सांगितले, ती बसली नाही. वडिलांचे वावर होते, दोन भाऊ आणि ती असे तिघांत वाटलेले, सातबारावर तिघांची नावे. तिचा नवरा राजूरकडे कोळशाच्या खाणीत कामाला होता, वावर तीच करत होती. तिघांचीही सरकी उगवली नव्हती, तिघांनीही अर्ज दिले होते. थोरल्या भावाने चार दिवस वाट पाहिली, मग वखर घालून पुन्हा पराटी, म्हणजे कापूस, लावली. ती उगवूनही आली होती.

"थो रोज धुऱ्यावरून इचारते मले, कागदाची राखन झाली का?" ती म्हणाली. "मी काट्याच्या बोराट्या टाकल्या चारी कून. बकरी घुसली तं साहेब म्हनतीन, बकरीनं खाल्लं. पंधरा रोज झाले. ओल जाऊन राह्यली. आनखी चार-पाच रोज गेले तं पराटीचा टाइम जाते."

मग तिने मला सरळ विचारले. "बाई, मी वखर घालू का? तुमी सांगा."

मला अधिकार नव्हता. मी तसे म्हणू शकले असते, पण नुसते तेवढेच म्हणणे मला बरे वाटले नाही. म्हणून मी म्हणाले, "दोन दिवस थांबा. मी बघते."

ही दुसरी चूक. पहिली प्रोग्रामात होती, ती दुरुस्त झाली.

ती गेल्यावर मी बाबूंना अर्जांचा गठ्ठा काढायला लावला. तिचा अर्ज होता. बाबूंच्या फाइलीत तिचे नाव होते. छापलेल्या यादीत नव्हते. यादीची शेवटची ओळ गावातल्याच एका शेतकऱ्याची होती आणि ती त्याच्या वडिलांच्या नावाच्या मधोमध संपत होती. पोड त्याच्या पुढे असायला हवे होते, ते नव्हतेच.

"हे अर्धे नाव तुम्ही पाहिले नाही?" मी विचारले.

"पाह्यलं न. मले वाटलं शाई संपली."

मीही ती यादी पाहिली होती. मलाही तसेच वाटले होते. तिथपर्यंत टोपली एकदा भरून गेली होती, दुसरी टोपली गेलीच नाही.

अडले कुठे, ते पाहायला मी बाबूंची फाइल ओळीओळीने वाचली. थोरल्या भावाच्या नावापुढे गट क्रमांक होता. दुसऱ्या भावापुढे दोन छोट्या रेघा, आणि तिच्यापुढे दोन छोट्या रेघा. कित्ता. वरचेच खाली. तीस वर्षे ज्या माणसाने रजिस्टरे लिहिली, तो एकच गट क्रमांक तीनदा कशाला टाइप करेल? गावात बहुतेकांचे गट वेगळे होते, पोडावर भावाबहिणींचे एकत्र. म्हणून रेघा पोडावरच्याच लोकांपुढे आल्या. माझा प्रोग्राम तिथे आकडा शोधत होता. त्याला रेघा मिळाल्या, तो अडला, मी त्याला गप्प बसवून ठेवले होते, तो गप्प बसला.

बाबू म्हणाले, "कित्ता तं सगळ्या हापिसात चालते, मॅडम."

"चालते. मी ते प्रोग्रामला सांगितले नव्हते."

एवढे समजायला मला वीस मिनिटे लागली. दुरुस्ती करायला दहा. कित्ता असेल तर वरचा क्रमांक घ्यायचा, हे एक. दुसरे, फाइल बंद करण्याची आज्ञा फायनली नावाच्या भागात हलवली. प्रोग्राम सुरळीत संपो वा मध्ये अडो, त्या भागातून त्याला जावेच लागते. तुमच्या हल्लीच्या भाषांत फाइल उघडतानाच ती कंसात लिहिली की आपोआप बंद होते असे ऐकते. चांगली सोय आहे. पण फाइल कोणीतरी आपोआप बंद करील असे मानून चालणाऱ्या माणसांना मी कार्यालयांत पुष्कळ पाहिले आहे, तेव्हा कंस घातला आहे ना ते बघत जा. तिसरे, कॅचमध्ये मी आता मराठीत लिहिले: अमुक ओळ अडली, यादी अपुरी आहे, छापू नका. यादी तयार हा संदेश सगळे खरोखर झाल्यावरच येईल असे केले. बाबूंना मराठी संदेशाची भीती वाटली नाही. फक्त ते म्हणाले की "छापू नका" जरा कडक वाटते, "छापू नये" करा. ते केले.

नवी यादी घेऊन मी साहेबांच्या खोलीत गेले. त्या गावच्या यादीत चोवीस नावे वाढली होती. पाच गावातली, एकोणीस पोडावरची. साहेबांनी आधी जुनी यादी पाहिली, मग नवी.

"मॅडम, कॉम्प्युटर चुकत नाही, असे तुम्हीच म्हणाला होता."

"कॉम्प्युटर चुकला नाही. मी चुकले."

याची त्यांना सवय नसावी. त्यांनी खिडकीतून जीपकडे पाहिले. जीप एकच होती आणि समिती तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला लागली होती. सोमवारी त्यांनी समितीतल्या दुसऱ्या खात्याच्या माणसाला निरोप पाठवला. मंगळवारी तो माणूस रजेवर होता. बुधवारी नाल्याला पूर होता. गुरुवारी जीपचे टायर. माझे दोन दिवस शुक्रवारी पूर्ण झाले.

शुक्रवारी मी कॉलेजातून रजा घेऊन समितीबरोबर गेले. मला तिथे काही काम नव्हते. मारेगावच्या रस्त्याला फाटा फुटतो तिथून आत, मग चिखल, मग चालत. पोडावर एका म्हाताऱ्याने खाट पुढे केली. वावर तिने सांगितले होते तसे होते. चारी बाजूंनी बोराट्या, आत काळी माती, तासांत, म्हणजे पेरणीच्या ओळींत, इथे एक रोप, तिथे एक. मध्ये गवत मात्र छान उगवले होते. धुऱ्याच्या बांधापलीकडे थोरल्या भावाची पराटी घोट्याएवढी झाली होती. तो धुऱ्यावर उभा होता.

"आले का साहेब?" तो बहिणीला म्हणाला. "पाय धुवाले पानी आन. लय दुरून आले."

"तू आन," ती म्हणाली. "तुले काम नाही."

समितीने टेप लावून जागा आखली, रोपे मोजली, आकडा लिहिला. पंचनामा वाचून दाखवला. तिने सही केली, अंगठा नाही. सही करताना कोणी आपल्याकडे पाहते आहे का, हे तिने आधी पाहिले. मी पाहत होते. मग तिने साहेबांना विचारले,

"आता वावर मोकळं झालं का?"

"मोकळे."

"काही लिवून द्या लागते का?"

"नाही, नाही. मोकळे झाले."

तिने बोराट्या एका बाजूने ओढल्या. बैलजोडी पलीकडे पळसाखाली जुंपूनच उभी होती, हे मला तेव्हा दिसले. सकाळपासून उभी असणार. समितीचे कागद पिशवीत जायच्या आत वखर वावरात शिरला होता. साहेबांनी तिला थांबवून विचारले, आता काय पेरणार?

"पराटीचा टाइम गेला," ती म्हणाली. "जवारी टाकतो, तूर टाकतो. थे होते."

 मी वखरामागे चार पावले गेले आणि म्हणाले की दोन दिवस म्हणाले होते, सहा झाले.

"मोजले मी," ती म्हणाली, आणि बैलांना हाकलले.

परत येताना मी साहेबांना म्हणाले की पावतीवर वाट किती दिवस पाहायची ते लिहायला हवे. समिती तितक्या दिवसांत आली नाही तर शेजारच्या दोघांच्या सह्या घ्याव्यात, चार तास पुरावा म्हणून राखावेत, बाकीचे वावर मोडावे. नुसते धरून ठेवायला सांगायचे आणि सोडायचे कधी ते सांगायचे नाही, हे बरोबर नाही. साहेब म्हणाले, मुद्दा योग्य आहे, पण त्यांच्या अधिकारात नाही, वरून परिपत्रक यावे लागेल. मी विचारले, किती दिवसांत येते? ते हसले. चांगले गृहस्थ होते.

पुढच्या हंगामात पावत्या कॉम्प्युटरवर निघू लागल्या. त्या छापणारा प्रोग्राम माझाच होता. मी खाली दोन ओळी वाढवल्या: दहा दिवसांत समिती न आल्यास दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन चार तास राखावेत व उर्वरित शेत पेरावे. आयुष्यात मी परवानगीशिवाय केलेली ही एकच गोष्ट आहे. तुमच्या आजोबांशी लग्नही मी विचारून केले होते. जिल्ह्यावरून तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्याने ती पावती हातात घेऊन बाबूंना विचारले, हे कोणत्या परिपत्रकानुसार? बाबू उठून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, थे कम्प्युटरमधूनच येते." अधिकाऱ्याने मान डोलावली आणि पावती खाली ठेवली.

तिच्या पंचनाम्याचे काय झाले, तेही सांगते. बियाणे सदोष ठरले आणि तिला बदली सरकीची पिशवी मिळाली. दिवाळीनंतर, लोक कापूस वेचत होते तेव्हा. तिच्या वावरात त्या वर्षी ज्वारी बरी झाली, तूर साधारण. कापूस झाला नाही. तो माझ्यामुळे झाला नाही, हे मी इतरत्र कुठे लिहिलेले नाही, म्हणून इथे लिहिते.

थोरले, तुझ्या वरिष्ठांच्या ईमेलचे मनाला लावून घेऊ नकोस. ठप्प झालेला प्रोग्राम निदान हाक तरी मारतो.

तो कॉम्प्युटर भंगारात गेला. कार्यालय नव्या इमारतीत गेले. माझ्या प्रोग्रामच्या दोन फ्लॉपी कपाटात आहेत आणि त्या वाचणारे यंत्र घरात नाही. तक्रार आता मोबाइलवरून करतात, पावती निघत नाही. बाबू निवृत्त होऊन कळंबला राहतात, चतुर्थीला फोन करतात. त्यांच्याकडून कळते ते असे: ती बाई अजून आहे, केस पिकले आहेत. तिच्या वाट्याचे वावर तिच्याच नावावर आहे. यंदा तिने त्यात पराटी लावली आहे, दर आठ तासांनंतर एक तास तूर, आणि ती उगवली आहे.